दादाच्या प्रमाणपत्राचे पाच महिने

11 फेब्रुवारी 2024 ला बाबा गेले. तेरवी झाल्यावर त्यांच्या पाटबंधारे खात्यातले एक जुने सहकारी पेन्शनचे कागद समजावून सांगायला घरी आले. सगळं सांगून झालं आणि निघता निघता त्यांनी आवाज खाली आणून आईला विचारलं, "वहिनी, पोराचं सर्टिफिकेट काढून ठेवलं का जी?"

"कायचं सर्टिफिकेट?" आई म्हणाली.

दादा आत खोलीत होता. ते काका माझ्याकडे पाहत राहिले.

माझा दादा 38 वर्षांचा आहे, बीएस्सी झालेला. 2011 मध्ये त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, संशय येणं असा मनोविकार, झाल्याचं निदान झालं. राज्य सरकारी कर्मचाऱ्याचं मूल मनोविकारामुळे स्वतः कमावू शकत नसेल, तर आईवडिलांच्या माघारी त्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यासाठी सरकारी कागद लागतो. शोधायला लागले तेव्हा जे सापडलं ते बहुतेक इंग्रजीत होतं, आणि मराठीत जे होतं ते अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग असलेल्यांसाठी होतं. मनोविकार असलेल्या माणसाला घेऊन या खिडक्यांसमोर उभं राहिल्यावर काय होतं, ते कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. दादाला वाचून दाखवलं आहे. त्याने दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, ती केली आहे.

अर्ज करायला जून उजाडला, कारण आधी घरातच अडलं होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकूण 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे आणि मानसिक आजार त्यातलाच एक आहे, हे मी आईला तीनदा वाचून दाखवलं. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "माझं पोरगं आजारी आहे, अपंग नाही." याच आईबाबांनी 2011 मध्ये त्याला पहिल्यांदा प्रादेशिक मनोरुग्णालयात नेलं होतं. ते रुग्णालय 1864 पासून नागपुरात आहे आणि छिंदवाडा रोडवरच्या त्या चौकाला अख्खं गाव 'पागलखाना चौक' म्हणतं. बाबांनी ऑटोवाल्याला ते नाव सांगितलंच नाही. अलीकडेच उतरून तिघं उन्हात चालत गेले. ज्या घराने तो शब्द तेरा वर्षं तोंडातून काढला नाही, त्या घराला मी आता तो सरकारी शिक्क्यासह मागायला सांगत होते. आईचा राग मला समजत होता.

दादाला कसं विचारावं हे तर मला सुचतच नव्हतं. मे महिन्यात एका रात्री 14416 वर फोन लावला. ही टेली-मानस नावाची सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, चोवीस तास असते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आजारी माणसाच्या घरच्यांनीही तिथे बोललेलं चालतं, हे मला माहीत नव्हतं. समुपदेशक बाईंनी एकच गोष्ट सांगितली आणि ती पुढे पाच महिने उपयोगी पडली. "त्यांच्यासाठी तुम्ही काय करणार आहात ते सांगू नका. त्यांना काय हवं आहे ते आधी विचारा."

विचारलं. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई गेल्यावर मला तुझ्याकडे पैसे मागायचे नाहीत."

शनिवार, 8 जूनला मानेवाड्यातल्या एका सायबर कॅफेतून स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला. युडीआयडी म्हणतात ते दिव्यांगांचं ओळखपत्र इथेच निघतं. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि कार्ड दोन्हींसाठी एकच अर्ज असतो आणि त्याला शुल्क नाही. कॅफेवाल्याने भरून द्यायचे 120 रुपये घेतले. फोटो, सही, आधार, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद स्कॅन करून लागतात. दिव्यांगत्वाच्या प्रकारात 'मानसिक आजार' निवडायचं. यादीत बौद्धिक दिव्यांगत्व हा वेगळा प्रकार आहे. कॅफेतल्या मुलाने आधी तोच निवडला होता, मी स्क्रीनकडे बघत होते म्हणून वेळेत लक्षात आलं. रुग्णालय निवडलं, नोंदणी क्रमांक मिळाला, मोबाइलवर संदेश आला.

27 जूनला अर्ज परत आला. आधारवर दादाच्या नावाचं स्पेलिंग एक आणि डॉक्टरांच्या कागदांवर दुसरं होतं. आधार केंद्रात 50 रुपये भरून दुरुस्ती केली, ती आठ दिवसांत झाली. अर्ज करण्याआधीच सगळ्या कागदांवरचं नाव एकेका अक्षरासकट तपासून घ्या. आमचा महिना त्या एका अक्षरात गेला.

जुन्या कागदांबद्दलही सांगते. आजार किती वर्षांपासून आहे याला तपासणीत वजन असतं, म्हणून पहिला कागद फार मोलाचा. आम्हाला 2011 चा केसपेपर आईच्या पत्र्याच्या पेटीत, शालूच्या घडीत सापडला. तेरा वर्षं तिने तो कुणाला दिसू दिला नव्हता आणि फेकलाही नव्हता. मधल्या वर्षांचा पुरावा वेगळ्याच ठिकाणी मिळाला. 2017 पासून दादा क्लोझापीनवर आहे. बाकीच्या औषधांनी भागत नाही तेव्हा हे औषध देतात, पण त्याने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला उतरतात. त्यामुळे दादाचं रक्त पहिले 18 आठवडे दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी आणि वर्षभरानंतर महिन्याला तपासलं जातं. ते सगळे रिपोर्ट बाबांनी तारखेवार फाइलला लावून ठेवले होते. उपचार कधीच सुटले नाहीत हे त्या फाइलमधून आपोआप सिद्ध झालं.

(क्लोझापीनच्या तपासण्यांवर 2024 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या 26 हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास आला. पेशी घसरण्याचा धोका नवव्या आठवड्याच्या सुमाराला सर्वांत जास्त असतो आणि दोन वर्षांनंतर नगण्य होतो, असं त्यात दिसलं. मी तो आमच्या धंतोलीच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, अभ्यास चांगला आहे, पण तपासणी कमी करायची की नाही ते मी ठरवेन, तुम्ही नाही. हे इथे मुद्दाम लिहिते, कुणी वाचून स्वतःच तपासणी बंद करू नये म्हणून.)

पुन्हा अर्ज केल्यावर तपासणीसाठी 24 जुलैची तारीख मिळाली. बुधवार होता. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. आम्ही सकाळी नऊला पोचलो. दोन वाजेपर्यंत बसलो आणि मग कळलं की आज बोर्ड, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांची समिती, बसणार नाही. आधी संदेश नाही, दारावर कागद नाही. खिडकीतून आवाज आला, "मेंटलवाले पुढच्या पुढच्या बुधवारी या." दादाने मान खाली घातली. मी खिडकीपाशी गेले आणि त्या माणसाला हळू आवाजात म्हटलं, "भाऊ, नाव घेऊन बोलवा नं. नाव लिहिलं आहे अर्जावर." तो ओशाळला. पुढच्या वेळी त्याने खरंच नाव घेतलं.

गर्दी आणि गोंगाट दादाला सोसत नाही. त्या दिवशी पाच तासांत तो चार वेळा घरी जाऊ म्हणाला. नंतर आम्ही एक पद्धत ठरवली. मी रांगेत, दादा आणि आई जिन्यापाशी पंख्याखाली, नंबर जवळ आला की मी फोन करायचा. सोबत पाणी, दुपारची गोळी आणि डबा. नाश्ता करूनच निघायचं, आमच्याकडे तर्री-पोहे झाल्याशिवाय दादा उंबरा ओलांडत नाही. जमलं तर दोघांनी सोबत जावं. एकट्या माणसाला रांग आणि रुग्ण दोन्ही सांभाळता येत नाहीत.

त्या बाकावर बसल्या बसल्या आई मला म्हणाली, "माय, इतके लोक?" तिला इतकी वर्षं वाटत होतं की हे फक्त आपल्याच घरी आहे. मी तिला सांगितलं की हे तर जे इथवर आले ते. 2015-16 मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने देशातल्या 12 राज्यांत जे सर्वेक्षण केलं, त्यात आजारागणिक 70 ते 92 टक्के माणसं उपचारांपर्यंत पोचलेलीच नव्हती. आई पुढे काही बोलली नाही, पण शेजारच्या बाईशी तिने स्वतःहून बोलणं काढलं. ती बाई काटोलकडून मुलीला घेऊन आली होती.

7 ऑगस्टला तपासणी झाली. हीच या सगळ्यातली सर्वांत अवघड सकाळ, म्हणून थोडं थांबून सांगते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ताईंनी आधी दादाशी वीसेक मिनिटं एकट्याशी बोलून घेतलं. मग आईला आणि मला आत बोलावलं. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती. आईने पहाटेपासून त्याच्या मागे लागून ते करवलं होतं.

"आंघोळ स्वतः करतो?"

"हो."

"घरातलं काही काम?"

"करतो नं. दूध आणतो."

दादा 2019 नंतर दूध आणायला गेलेला नाही. मी आईकडे पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती, ती त्याची बाजू घेत होती. नातेवाइकांपुढे, शेजाऱ्यांपुढे, लग्नकार्यात तेरा वर्षं ती हेच करत आली होती आणि डॉक्टरांसमोरही तिला दुसरं काही येत नव्हतं.

ताईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, आज आंघोळीला किती वेळा उठवलं?"

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सहापासून उठवून राहिली होती. पावणेआठला गेला."

"आणि तुम्ही चार दिवस गावाला गेल्या तर?"

"मी जातच नाही." मग जरा थांबून, "बारा वर्षं झाली, मी माहेरी रात्र काढली नाही जी. भावाच्या पोरीचं लग्न होतं हिंगणघाटला. जेवण करून परत आली."

हे मला माहीत होतं. रोज डोळ्यांसमोर होतं. पण हे दादाच्या आजाराच्या हिशोबात धरायचं असतं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ताईंनी ते लिहून घेतलं आणि सांगितलं की दोन आठवड्यांनी या, तोवर रोजच्या नोंदी ठेवा.

त्या कुठल्या मोजपट्टीने मोजत होत्या, ते त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. तिचं नाव 'आयडियाज'. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या समितीने ती बनवली आणि 2002 मध्ये सरकारने स्वीकारली. चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी घेणं, माणसांशी संबंध ठेवणं, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण, जितकी अडचण जास्त तितके गुण जास्त. आजार किती वर्षांचा आहे त्याचे आणखी चारपर्यंत गुण. एकूण वीस. सात किंवा त्याहून जास्त आले तर 40 टक्के किंवा वर, आणि बहुतेक लाभ 40 टक्क्यांपासून सुरू होतात.

आवाज ऐकू येतात का, संशय येतो का, हे या चारांत कुठेच नाही. दादाला 2018 नंतर आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून आम्ही सगळ्यांना सांगत होतो की तो बरा आहे. पण तो दिवसभर पलंगावर बसून असतो, मित्रांपैकी एकाशीही बोलत नाही, दोन तासांच्या वर कशात टिकत नाही. औषधाने आवाज थांबले, दिवस मात्र तसाच रिकामा राहिला. आम्ही त्याला कधी आळस म्हटलं, कधी स्वभाव म्हटलं. मीसुद्धा म्हटलं आहे, दादाच्या तोंडावर. तो आजाराचाच भाग आहे, हे मला त्या चार रकान्यांनी शिकवलं.

घरी येऊन मी वाचत बसले. याच मोजपट्टीने मोजलेला एक भारतीय अभ्यास 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. तमिळनाडू, गोवा आणि आपलं सातारा अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनिया असलेल्या 282 जणांवर तो केला होता. काहींना नेहमीचे दवाखान्यातले उपचार, आणि बाकीच्यांना त्याच्या जोडीला प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन मदत करायचे: औषध घेण्याची सवय, घरच्यांशी बोलणं, कामाकडे पुन्हा वळणं. वर्षभरानंतर घरी मदत मिळालेल्यांचं दिव्यांगत्व जास्त कमी झालं होतं. फरक माफक होता आणि तो मुख्यतः तमिळनाडूत दिसला, साताऱ्यात आणि गोव्यात ठळक नव्हता. तरी मला धीर आला. म्हणजे हा आकडा हलू शकतो, आणि तो हलवायला घरी येणारं माणूसही लागतं. नागपुरात आमच्या दारात असं कुणी येत नाही. यायला हवं, असं मला आता फार वाटतं.

वही मी दादाला सांगून ठेवली. त्याच्या मागे नोंदी ठेवणं मला बरोबर वाटलं नाही. तीन रकाने आखले: न सांगता केलं, सांगितल्यावर केलं, झालं नाही. चौथ्या दिवशी त्याने वही मागून घेतली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "फोन वाजला की छातीत धडधडतं म्हणून मी उचलत नाही. कंटाळा म्हणून नाही." मी इतकी वर्षं समजत होते की त्याला माझ्याशी बोलायचंच नसतं.

प्रमाणपत्राला जाणाऱ्या प्रत्येक घराने ही वही दोन आठवडे ठेवावी. तपासणीच्या खोलीत माणूस त्याच्या सर्वांत चांगल्या रूपात बसलेला असतो आणि घरचेही त्याला तसाच दाखवतात. वाढवून काही सांगायचं नाही, फक्त मदत कुठे लागते ते लपवायचं नाही.

21 ऑगस्टला वही दाखवली. बोर्डाची तारीख मिळाली 4 सप्टेंबर, मारबतीच्या, म्हणजे पोळ्यानंतर नागपुरात इडा पिडा घालवायला निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, दुसऱ्या दिवशीची. आदल्या दिवशी पिवळी आणि काळी मारबत निघाली. आई दरवर्षी जाते, यंदा सुतक-दुःख म्हणून गेली नाही. घरीच टीव्हीसमोर हात जोडून पुटपुटली, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत." दादा शेजारी बसून बघत होता.

बोर्डासमोर आम्ही जेमतेम सात मिनिटं होतो. टेबलामागे तीन जण, समोर आमची फाइल. आधी मला दोन प्रश्न, मग प्रमुख डॉक्टरांनी थेट दादाला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" दादा म्हणाला, "मला काम करायचं आहे सर. पण आठ तास नाही होत." त्यांनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर दादाने मला विचारलं, "बरोबर बोललो नं?"

27 सप्टेंबरला पोर्टलवर प्रमाणपत्र आलं. 60 टक्के, तात्पुरतं, पाच वर्षांसाठी. आदल्याच दिवशी अमेरिकेत स्किझोफ्रेनियाच्या एका नव्या औषधाला मंजुरी मिळाल्याची बातमी होती. झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम असं जोडऔषध आहे. कित्येक दशकांत पहिल्यांदाच मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा मार्ग थेट न अडवता वेगळ्या वाटेने काम करणारं औषध आलं, म्हणून त्याचं कौतुक होतं. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ असे त्रास त्यालाही आहेत. आईने विचारलं, "आपल्याकडे येईन का?" मी म्हटलं, आज तरी ते तिकडेच आहे, डॉक्टरांना विचारू. प्रमाणपत्राची छापील प्रत तिच्या मांडीवर होती आणि तिने ती अजून उलटून पाहिली नव्हती.

प्लास्टिकचं कार्ड 13 नोव्हेंबरला पोस्टाने आलं. 40 टक्क्यांच्या खाली पांढरी पट्टी, 40 ते 80 च्या दरम्यान पिवळी, 80 आणि त्याच्या वर निळी. दादाचं पिवळं आहे. पोस्टमनसमोर सही त्यानेच केली.

खर्च सांगते. कॅफे 120, फोटो 60, आधार 50, झेरॉक्स 140, ऑटोचे 1,460. एकूण 1,830 रुपये आणि माझ्या सहा रजा. कुणी पैसे मागितले नाहीत, आम्ही दिले नाहीत. बाहेर एक जण 'लवकर करून देतो' म्हणत फिरत होता, त्याच्या नादी लागू नका.

पुढचं थोडक्यात. पेन्शनच्या नोंदीत दादाचं नाव चढवण्याचा अर्ज आईच्या सहीने दिला आहे. तो आईच्या हयातीत देणंच सोपं, नंतर सगळे कागद त्या आजारी माणसालाच गोळा करावे लागतात. पोचपावती जपून ठेवली आहे, निकाल अजून यायचा आहे. नोकरी करणाऱ्या भावाबहिणींसाठी एक: अवलंबून असलेल्या दिव्यांग भावंडाच्या खर्चापोटी आयकरात 2024 मध्ये कलम 80 डीडीखाली 75 हजारांची वजावट मिळत होती, पण फक्त जुन्या करप्रणालीत.

आई 20 डिसेंबरला हिंगणघाटला गेली आणि दोन रात्री राहिली. मी रजा घेऊन दादाजवळ होते. त्याची आंघोळ पहिल्या दिवशी अकराला झाली, दुसऱ्या दिवशी झाली नाही. दोन्ही वहीत लिहिलं आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तिसऱ्या रिंगला दादाने उचलला.